अमेरिकेत गव्हाचं सोवळं

ज्याला गहू चालत नाही अशा मराठी माणसाची अमेरिकावारी तिकीट काढतानाच पेचात सापडते. विमान कंपन्यांच्या खास जेवणांची सांकेतिक अक्षरं ठरलेली आहेत. हिंदू शाकाहाऱ्यासाठी 'एव्हीएमएल', ग्लूटेन टाळणाऱ्यासाठी 'जीएफएमएल'. पण बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच खास जेवण देतात. म्हणजे शाकाहारी राहायचं तर ताटात पराठा येणार आणि गहू टाळायचा तर कोंबडी येणार. आत्मा आणि आतडं यांतलं कोणतं वाचवायचं हे अर्जावरच्या एका चौकोनात खूण करून कळवायचं असतं. शहाणा प्रवासी कोणतीच खूण करत नाही, तो घरची ज्वारीची भाकरी आणि राजगिऱ्याचे लाडू बांधून घेतो. भाकरी सुरक्षा तपासणीतून सुखरूप जाते. ओला ठेचा मात्र शंभर मिलिलिटरच्या नियमात अडकतो, कारण सुरक्षारक्षकाच्या लेखी तो 'जेल' असतो. बाकी ठेच्याला स्फोटक समजणारा माणूस अगदीच चुकतो असंही म्हणवत नाही.

गहू वर्ज्य करायला लावणारा सीलिॲक हा आजार म्हणजे लाडात वाढलेल्या पोटाचा नखरा नव्हे. गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि अन्न शोषणारे तिथले बारीक अंकुर सपाट करून टाकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत या आजाराचं प्रमाण १३३ माणसांत एक असं निघालं. आपल्याकडे पोळी-पराठ्याच्या उत्तरेत ते साधारण शंभरात एक आहे, तर भाताच्या दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. 'हे सगळं हल्लीचं फॅड' म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. कॅलिफोर्नियात गरज नसताना ग्लूटेन सोडणारे पुष्कळ भेटतात. पण हौसेनं चष्मा घालणारे लोक असले म्हणून ज्याला खरंच दिसत नाही त्याचा चष्मा काढून घ्यायचा नसतो. खरंच गहू न चालणाऱ्या माणसानं अमेरिकेत फिरताना एकच सूत्र ध्यानात ठेवावं: वाढणाऱ्याची माया जितकी जास्त, तितका गव्हाचा धोका मोठा. कारखान्यावर विश्वास ठेवावा, हॉटेलवर संशय घ्यावा आणि आपल्या माणसाच्या आमंत्रणाला घाबरावं.

हे ऐकायला उद्धट वाटतं, म्हणून आधी कारखान्याची बाजू मांडतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१३ साली 'ग्लूटेन-फ्री' या शब्दांना माप लावलं: दहा लाख भागांत वीस भागांपेक्षा कमी, म्हणजे किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत. त्याआधी २००४ च्या कायद्यानं पाकिटावर गव्हाचं नाव घालणं सक्तीचं झालं होतं. त्या कायद्याच्या यादीत जव मात्र नाही. त्यामुळे 'गहू' हा शब्द न दिसल्यानं हरखून गेलेला प्रवासी मक्याच्या निरागस कॉर्नफ्लेक्सवर दूध ओततो आणि त्यात स्वादाला घातलेलं माल्ट, म्हणजे जवच, खाऊन बसतो. सोया सॉसच्या नावात सोया असला तरी बाटलीत बहुधा गहूही असतो. यावर कोणी विचारील, कारखाने काय चुकत नाहीत? चुकतात. २०१५ साली जनरल मिल्सनं चीरिओजवर मोठ्या अक्षरांत 'ग्लूटेन-फ्री' छापलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे १८ लाख खोकी परत बोलावली. कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथल्या कारखान्यात ओट्सच्या जागी गव्हाचं पीठ शिरलं होतं. पण हाच माझा मुद्दा आहे. चूक पकडली गेली, जाहीर झाली आणि माल परत आला. पंगतीत वाढलेली आमटी आजवर कोणी परत बोलावलेली ऐकिवात नाही.

हॉटेलात माया कमी आणि हसू जास्त. वेट्रेस गोड हसून विचारते, "बटाट्यात असतं का हो ग्लूटेन?" आणि आपण उत्तर देईपर्यंत पाण्याचा ग्लास भरून पुढच्या टेबलाकडे गेलेली असते. बटाट्यात ते नसतं, पण बटाटा ज्या तेलात पोहतो त्यात आधी कोणाचे तरी पावाच्या चुऱ्यात घोळवलेले कांदे पोहून गेलेले असतात. 'आयहॉप' ही पॅनकेकवाली साखळी ऑम्लेट फुलावं म्हणून अंड्यात थोडं पॅनकेकचं पीठ घालते आणि तसं सांगतेही. विचारायचं सुचणार कुणाला हा प्रश्न वेगळा. मॅकडॉनल्ड्सच्या तळलेल्या बटाट्यांची कथा तर आपल्या लोकांना ठाऊक असायला हवी. त्यांच्यात गोमांसाचा स्वाद असल्यावरून २००१ साली सिएटलमध्ये खटला दाखल झाला, त्याचे पडसाद मुंबईपर्यंत उमटले आणि पुढच्या वर्षी कंपनीनं एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २००६ मध्ये त्याच कंपनीनं सांगितलं की त्या स्वादात गहू आणि दूधही वापरलेलं असतं. एका बटाट्याच्या फोडीनं इतक्या वेगवेगळ्या लोकांना एकदम बाटवल्याचं दुसरं उदाहरण नाही. बरं, मेन्यूवर 'ग्लूटेन-फ्री' छापलेलं असलं की निर्धास्त व्हावं का? कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये, खिशात मावणाऱ्या तपासणी यंत्रानं गिऱ्हाइकांनीच केलेल्या पाच हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या. तसं सांगून वाढलेल्या पदार्थांपैकी ३२ टक्क्यांत ग्लूटेन सापडलं, पिझ्झा आणि पास्त्यात तर निम्म्याहून अधिक वेळा. ज्याचा संशय आला तेच लोक तपासणार, तेव्हा हा आकडा थोडा फुगलेला असेल. निम्मा केला तरी सहा ताटांत एक ताट उरतंच. त्यातल्या त्यात मेक्सिकन दुकान बरं. चिपोटलेत गव्हाची टॉर्टिया सोडली तर कशातच ग्लूटेन नाही असं ते सांगतात आणि विनंती केली की पोरगा हातमोजेही बदलतो.

आता आपल्या माणसाचं आमंत्रण. गाव एडिसन, न्यू जर्सी. ओक ट्री रोडवरून वळलं की कुठल्या तरी काकूंचं घर असतंच. काकू प्रेमळ असतात. गहू चालत नाही हे त्यांना आठवडाभर आधी कळवलेलं असतं आणि त्यांनी मनावरही घेतलेलं असतं. पोळ्या नाहीत, भात आहे, आमटी आहे, बटाट्याची भाजी आहे, काकडीची कोशिंबीर आहे आणि मुद्दाम केलेली थालिपीठं आहेत. "यात गहू कुठे आलाय?" काकू विचारतात. गहू भाजणीत आहे, कारण पुष्कळ घरांत मूठभर गहू भाजल्याशिवाय भाजणी पुरी होत नाही. ते एकवेळ लक्षात येईल. पण गहू आमटीत आहे, भाजीत आहे, कोशिंबिरीवरच्या फोडणीतही आहे, कारण तो हिंगात आहे. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो चिमटीनं वापरता येत नाही, म्हणून डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात. हाच बांधानी हिंग. भारतीय दुकानातली ती पिवळी-पांढरी डबी उलटी करा, बारीक अक्षरांत बहुतेक वेळा गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं. नुसती पोळी टाळून मराठी स्वयंपाकातला गहू टळत नाही. मोहरी तडतडली की त्यामागोमाग तो प्रत्येक पातेल्यात उतरतो.

इथे काकूंच्या बाजूनं येणारा आक्षेप वजनदार आहे: "चिमूटभर हिंगानं काय होतंय?" जाणकारांच्या मते दिवसाकाठी दहा मिलिग्रॅम ग्लूटेन बहुतेक रुग्णांना सोसतं, पन्नास मिलिग्रॅम रोज पोटात गेलं तर काही महिन्यांत आतड्यावर परिणाम दिसतो. ब्रेडच्या एका चकतीत हेच ग्लूटेन ग्रॅमांत असतं. एका फोडणीतला हिंग वाटून वाटून कदाचित हिशेबात बसेलही. पण पोळ्या लाटताना उडालेलं पीठ, पोळ्यांच्याच तव्यावर लावलेलं थालिपीठ आणि कणकेच्या हातानं उघडलेला मिठाचा डबा यांची बेरीज काकू करत नाहीत, आतडं करतं. "तवा चांगला तापलाय, सगळं जळून जातं," हेही ऐकायला मिळतं. ग्लूटेन जाळून मरत नाही, कारण ते मुळात जिवंत नसतं. ते घासून धुवावंच लागतं.

आणि ही गोष्ट आपल्या आज्यांना कोणी समजावून द्यावी लागली नसती. भाताचा हात लोणच्याच्या बरणीला लागता कामा नये, खरकटा डाव दुसऱ्या पातेल्यात जाता कामा नये, नुसतं पुसलेलं भांडं स्वच्छ मानायचं नाही. अमेरिकन आहारतज्ज्ञ वेगळा टोस्टर, वेगळी चाळणी, वेगळा पोळपाट अशी जी यादी छापून हातात देतात, ती आपल्या सोवळ्याचीच आवृत्ती आहे, फक्त रेशमी कद नेसायची अट काढलेली. सोवळ्याचं नाव काढलं की कोणीही विचारील, आणि विचारायलाच हवं, की ज्या नियमानं माणसांना विहिरीपासून आणि ओसरीपासून लांब ठेवलं त्याचे गोडवे कशाला गाता? गोडवे नकोतच. त्या व्यवस्थेचा विटाळ माणसाला चिकटवलेला होता आणि तो खोटा होता. इथे लांब ठेवायचं आहे ते पीठ. मोजायला माप आहे आणि सोवळं पाळणारा दुसऱ्याला खाली लेखत नाही, उलट पंगतीत तोच अवघडून बसलेला असतो.

उपास हा त्याहून सोपा मार्ग. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही आणि पुष्कळ घरांत उपासाला हिंगही वर्ज्य. "मला सीलिॲक आहे" या वाक्यावर जी यजमानीण "थोडंसं घ्या हो" म्हणते, तीच "आज उपास आहे" म्हटल्यावर वेगळी कढई काढते. डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा एकादशीचा दरारा अजून मोठा आहे आणि तो अटलांटिक ओलांडूनही टिकला आहे. मात्र रोज साबुदाणा खाऊन पोषण होत नाही, आणि राजगिऱ्याचं किंवा ज्वारीचं पीठ गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असू शकतं. तेव्हा उपासाच्या पिठालाही 'ग्लूटेन-फ्री'चा छाप पाहूनच हात लावावा. फिरून गाडी कारखान्यावरच येते, त्याला इलाज नाही.

तेव्हा अमेरिकेतल्या यजमानांना आणि महाराष्ट्र मंडळांच्या स्वयंपाकसमित्यांना एवढीच विनंती. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात हजारो पानं उठतात, तिथे पुरणपोळीवर गव्हाची चिठ्ठी नसली तरी चालेल, ती आमटीवर लावा. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आता अमेरिकेतही मिळतो, तो आणा. आणि पाहुणा ओट्याशी येऊन डब्या उलट्या करून वाचू लागला तर रागावू नका, त्याला चष्मा शोधून द्या.