अधिक महिना, उणी बॅटरी

सासुरवाडीला निघालेल्या जावयाला टोकायचं नसतं, आणि अधिक महिन्यात तर नाहीच नाही. 2023 साली श्रावण अधिक आला होता. आईने भावोजींसाठी 33 अनारसे आणि चांदीचा दिवा तयार ठेवला होता आणि त्यांना पुण्याहून "नीट घेऊन ये" असं मला फोनवर बजावलं होतं. ताई शहाणी, ती आदल्या दिवशीच एसटीने माणगावला पोचली होती. मी भावोजींच्या बुलेटवर मागे बसलो.

ही बुलेट जुनी, कास्ट आयर्नच्या इंजिनाची, उजवीकडे गिअर आणि डावीकडे ब्रेक असलेली. भावोजींचा तिच्यावर जीव. दर रविवारी सायलेन्सरला पॉलिश, टाकीला वॅक्स. पण हा जीव नजर पोचते तिथेच संपतो. टाकीखाली, सीटखाली, साइड बॉक्सच्या झाकणाआड जे काही आहे ते त्यांच्या लेखी दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं. पिरंगुटला चहा पिताना मी सहज विचारलं, "बॅटरीत पाणी कधी घातलं होतं?"

"पावसाळ्यात कशाला पाणी घालायचं?" ते म्हणाले. हा विनोद असावा, अशी पौडपर्यंत माझी समजूत होती.

मूळ वायरिंगच्या जिवावर त्यांनी मोठाच संसार थाटला होता. पुढे दोन जादा दिवे, भोंग्यासारख्या हॉर्नची जोडी, वर मोबाइलचा चार्जर. जोड सगळे पीळ मारून केलेले आणि त्यांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी. साठ-साठ वॅटचे दोन दिवे म्हणजे 12 व्होल्टवर सरळ 10 अँपिअर. त्यात हॉर्न वाजला की 15 अँपिअरचा बिचारा फ्यूज उडायचा. उडणं हीच त्याची नोकरी. वायर जळू नये म्हणून तो आधी जातो. भावोजींना मात्र हा त्याचा हलकेपणा वाटला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्यांनी त्याला कायमचा गप्प केला. आता जळायला वायरच तेवढी उरली होती.

मुळशीचा तलाव डाव्या-उजव्या वळणांतून दिसत-लपत होता. हे धरण होऊ नये म्हणून 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह पुकारला होता. धरण व्हायचं ते झालंच. तेव्हापासून इथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि त्याची वीज मुंबईला जाते. एवढी वीज पायाखालून चाललेली आणि वर आमची बॅटरी कोरडी.

ताम्हिणीत धुकं असं उतरलं की पुढचं चाक अंदाजाने ओळखावं लागे. भावोजींनी होते नव्हते तेवढे दिवे लावले. हेडलाइटच्या वरचा अँपिअरचा काटा डावीकडे कलला आणि तिथेच पडून राहिला.

"भावोजी, काटा."

"तो तसाच असतो. सवय आहे त्याला."

एका धबधब्यापाशी मोटारी आडव्यातिडव्या लावून मंडळी भिजत होती. भावोजींनी हॉर्न दाबला. मग बोट काढलं. हॉर्न थांबला नाही. एका मोटारवाल्याला ते आव्हान वाटलं, त्यानेही उलट वाजवला. मग तिसऱ्याने. भावोजींनी ब्रेक दाबला तर डावा इंडिकेटर लागला. इंडिकेटर बंद केला तर हेडलाइट मंदावला. कुठलीही कळ दाबावी आणि भलत्याच अवयवाने ओ द्यावी, असा कारभार सुरू झाला. करंटला परतीची नीट वाट मिळाली नाही, की तो असा शेजाऱ्यांच्या घरांतून वाट काढतो.

मग वास आला. त्या धुक्यात आमचा धूर वेगळा काढणं कठीण होतं, पण वास निर्विवाद आमचाच होता. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. हॉर्न चालूच.

बॅटरीची वायर सोडवायला पाना हवा म्हणून मी टूल बॉक्स उघडला. आत पॉलिशची बाटली, दोन पिवळी फडकी आणि एक दात घासायचा ब्रश होता.

"हा कशाला?"

"स्पोकसाठी," भावोजी म्हणाले. ओरडून, कारण हॉर्न.

नाइलाजाने टर्मिनल हातानेच ओढलं, आणि ते सुटलं! पांढऱ्या-हिरव्या बुरशीने ते इतकं खाल्लेलं होतं की पान्याची गरजच पडली नाही. दुर्लक्ष उपयोगी पडल्याचं माझ्या पाहण्यातलं हे एकमेव उदाहरण. कणीसवाल्या मावशींनी शांततेबद्दल आम्हाला एकेक कणीस दिलं आणि पैसे मात्र दोघांचेही घेतले.

पुढे घाट उतरणीचा, म्हणून निभावलं. न्यूट्रलमध्ये, बिनआवाजी, ब्रेकवर पाय ठेवून आम्ही विळ्यापर्यंत घरंगळत आलो. गुरुत्वाकर्षणाला सर्व्हिसिंग लागत नाही. फाट्याजवळ गॅरेज होतं. मिस्त्री विशीतला पोरगा. त्याने बॅटरी काढून हलवली, कानाशी धरली. आत काही हलत नव्हतं. मग टाकी उतरवली. हँडल वळतं त्या जागी वायरींचा जुडगा घासून घासून आतली तांब्याची तार उघडी पडली होती आणि पुढे सगळं वितळून एक झालं होतं. शेवटी त्याने फ्यूज काढला आणि चांदीसकट तळहातावर ठेवला.

"काका, हे कोणी केलं?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. पण महिना अधिक होता. मी पावसाकडे बघितलं.

"आधीच्या मालकाने," भावोजी म्हणाले. बुलेट त्यांनी शोरूममधून घेतली आहे.

पोराने जळलेला भाग कापला, नव्या वायरी टाकल्या, जादा दिवे आणि हॉर्न सोडवून पिशवीत भरून दिले, जुनी पण जिवंत बॅटरी बसवली. वर 15 अँपिअरचे दोन फ्यूज: एक जागेवर, एक जवळ ठेवायला. भावोजींनी दुसरी किक मारली तशी गाडी सुरू झाली. काटा मधोमध उभा राहिला. भावोजी त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. मग पिशवीत डोकावून त्यांनी हळूच विचारलं,

"यातला एक हॉर्न तरी परत बसेल का? सासुरवाडीच्या दारात एकदाच वाजवायचा होता."