राज्य गेल्यावर दरबार कसा भरवावा

ज्या बाईंना दरबारी बैठक भरवायची हौस आहे, त्यांनी आधी राज्य मिळवण्याच्या भानगडीत पडू नये. राज्य ही खर्चिक बाब आहे आणि बैठकीला ती लागतही नाही. तोल्स्तोयची ‘युद्ध आणि शांती’ सुरू होते ती जुलै १८०५ मध्ये, पीटर्सबर्गच्या आन्ना पावलोव्हना शेरेर यांच्या दिवाणखान्यात. बाई राजमातेच्या सेवेतल्या. हाती ना फौज ना खजिना, तरी कोणी कोणाशी किती वेळ बोलावे हे त्याच ठरवतात. अर्थात हे कादंबरीतले झाले. रत्नागिरीकरांना इतक्या लांब जायचे कारण नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली आणि पुढच्या वर्षी तिथला थिबा राजा व राणी सुपायालत यांना रत्नागिरीत आणून ठेवले. राज्य गेलेले, तनखा इंग्रजांचा, पहारा पोलिसांचा. तरी बर्मी नोकरचाकर समोर येत ते गुडघ्यांवरच. तेव्हा पहिली सूचना अशी, की समोरच्याला आपल्यापेक्षा खाली बसवता आले म्हणजे निम्मा दरबार भरला. हे ज्यांना क्षुल्लक वाटेल, त्यांनी मंडालेचा जोड्यांचा वाद आठवावा. राजापुढे जोडे काढून जमिनीवर बसायचे, हा तिथला रिवाज. १८७० नंतरच्या दशकात हिंदुस्थान सरकारने आपल्या वकिलाला त्याची मनाई केली आणि वकिलाला राजाची भेट मिळेनाशी झाली. कोकणात ही अडचण नाही. इथे पाहुणा ओटीवर चढण्याआधी वहाणा आपणहून काढतो. यजमानीणबाईंनी तो आपला मान समजावा, म्हणजे झाले.

कोणी म्हणेल, हा नुसता देखावा, खरा दरबार कलेक्टर कचेरीत. कबूल. पण त्या काळच्या कलेक्टरांची नावे आज गावात कोणाला सांगता येतील? थिबाच्या नावाचा राजवाडा आहे, पॉइंट आहे. दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. इतमाम सांभाळताना दागिने विकावे लागले, कर्ज झाले. राजवाडा बांधून मिळाला तो १९१० साली आणि १९१६ त राजा वारला. म्हणून बाईंनी वाड्यासाठी थांबू नये, मिळेल त्या बंगल्यात सुरुवात करावी. तिसरा आक्षेप मात्र अवघड आहे. पायरी इतकी उंच ठेवली की ती चढण्याजोगा माणूसच उरत नाही. थिबाच्या चार राजकन्या उपवर झाल्या, पण राजरक्ताचा जावई रत्नागिरीत कुठून यायचा? थोरलीने शेवटी राजवाड्यातल्याच एका मराठी नोकराशी संसार मांडला. याला या मार्गदर्शकाकडे उत्तर नाही. घरात लग्नाच्या मुली असतील, तर बाईंनी हा उद्योग करू नये.