ग्रहण बघतात म्हणे, तेही सूर्याकडे पाठ करून!

काही म्हणा, लोकांना धरबंध म्हणून उरलेला नाही. पूर्वी ग्रहण लागायचं ते कसं शिस्तीत लागायचं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान, गर्भारशीनं विळीला हात लावायचा नाही, खिडक्या बंद. रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी आली की समजायचं, चाललंय सगळं यथासांग. सूर्याचं काय व्हायचं ते त्याचं तो निस्तरायचा, आपण मध्ये नाक खुपसत नव्हतो. 16 फेब्रुवारी 1980च्या ग्रहणाला मुंबईत भर दुपारी रस्त्यांवर शुकशुकाट होता, इतकी माणसं सरळमार्गी!

आणि आता? आता सकाळी नऊला बायका गच्चीवर चाळण्या घेऊन उभ्या.

26 डिसेंबर 2019ची गोष्ट सांगते. कंकणाकृती ग्रहण केरळ-तमिळनाडूत, आपल्याकडे नुसतं खंडग्रास. पण मुंबईतही पाऊण सूर्य झाकला जाणार म्हटल्यावर आमच्या सोसायटीनं ताळतंत्र सोडलं. चाळणी उन्हात धरायची, सूर्याकडे पाठ करायची आणि सावलीत बघायचं. चाळणीला जितकी भोकं तितके चिमुकले सूर्य भिंतीवर, आणि एकूण एक कुरतडलेला! चाळणी नसेल तर बोटांवर बोटं आडवी ठेवून मधल्या फटींतून तेच. खाली बदामाच्या झाडाखाली तर फरशीभर चंद्रकोरी सांडलेल्या, त्या कुणी काही न करताच. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आदल्या रात्रीपासून उपाशी, घरात दुधापासून इडलीच्या पिठापर्यंत सगळ्यावर तुळस ठेवून वर आल्या आणि म्हणाल्या, “मी ग्रहण पाळते हो, बघत नाही. भिंत बघतेय.” आता यावर काय बोलणार?

पण खरा बोभाटा दुसऱ्या मजल्यावर. तिथलं जोडपं सकाळी नऊला पडदे ओढून, दिवे मालवून आत बसलेलं. चौकशा व्हायच्या त्या झाल्याच. आत पाहावं तर गॅलरीत आरसा ठेवलाय, त्यावर पाकीट चढवलंय, पाकिटाला पैशाएवढंही नाही असं भोक पाडलंय आणि त्यातून उडालेला कवडसा थेट बेडरूमच्या भिंतीवर! आरसा भिंतीपासून सहा मीटर लांब असेल तर सूर्य साधारण साडेपाच सेंटीमीटरचा पडतो, दहा मीटरवर नऊचा. कवडसा चौकोनी भोकातून आला तरी भिंतीवर गोलच, म्हणजे ती भोकाची नाही, सूर्याचीच छबी. नियम एकच, आरशात डोकवायचं नाही, फक्त भिंतीकडे बघायचं. अख्खं घर, आजीसकट, गादीवर बसून चहा पीत सूर्य खाल्ला जाताना बघत होतं. ग्रहणात चहा! मी तर कानांवर हात ठेवले. (बघून झाल्यावर.)

बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे चष्मे आणले होते. त्याच्या आतल्या बाजूला ‘आयएसओ 12312-2’ छापलेलं असावं लागतं. लग्नाला पत्रिका बघावी तसे लोक एकमेकांचे चष्मे उलटसुलट करून बघत होते. असा चष्मा लाखातला जेमतेम तीन भाग प्रकाश आत सोडतो, म्हणून तो घालून घरात ट्यूबलाइटसुद्धा दिसता कामा नये. एकांनी तो लिफ्टमध्येच डोळ्यांवर चढवला आणि वर येऊन तक्रार, “फसवलं हो, यातून काहीच दिसत नाही!” त्यांचाच चष्मा अस्सल निघाला.

एक गृहस्थ मात्र वडिलांच्या छातीचा एक्स-रे घेऊन आले. सूर्य बघायचा तो बापाच्या बरगड्यांतून! इथे मात्र खोटं रागावणं बाजूला ठेवून खरंच रागवावं लागतं. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक दोन गॉगल, सगळं बाद. उजेड कमी झाला की बाहुली आणखी मोठी होते आणि न दिसणारे अवरक्त किरण बिनबोभाट आत जातात. त्यातून डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजतं ते कळतच नाही, काही तासांनी बघावं तिथे मधोमध डाग. वेल्डिंगची काच चालते, पण 14 नंबरची. दुर्बिणीला मात्र पुठ्ठ्याचा चष्मा लावून बघायचं नाही. भिंगानं एकवटलेला सूर्य फिल्म जाळून डोळ्यात जातो. दुर्बिणीला फिल्टर लावायचा तो पुढच्या तोंडाला.

त्या दिवशी खुद्द पंतप्रधानांच्याही नशिबी दिल्लीचे ढग आले आणि त्यांनी कोझिकोडचं ग्रहण थेट प्रक्षेपणात पाहिलं. पुढे काय झालं? देशानं ग्रहण सोडून त्यांच्या डोळ्यांवरच्या गॉगलचीच चर्चा केली.

हे फॅड आजचं आहे असंही नाही हं. 22 जानेवारी 1898ला खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर साहेब विजयदुर्गावर तळ ठोकून बसले होते आणि ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या दुर्बिणी सांभाळत होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक नायगमवाला जेऊरला. विदर्भात तळणीला तर खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅनी माँडर बाईंनी सूर्याच्या प्रभामंडळाचा इतका लांब झोत फोटोत पकडला, की त्याची चर्चा विलायतेपर्यंत. गावातल्या बायका दारं लावून आत, आणि ही बाई आपली उन्हात कॅमेरा लावून उभी! विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ अजून दाखवतात. लॉकियर साहेबांना हेलियम तिथेच सापडला असंही ठणकावून सांगतात. पण त्या शोधाचं ग्रहण 1868चं, आणि तेव्हा लॉकियर होते इंग्लंडात. हे तिकडे जाऊन बोलू नका, जेवण मिळायचं नाही.

आणि ज्यांना सूर्याशी काही घेणंदेणं नाही, त्यांनी 2019ला परातीत पाणी घालून मुसळ उभं केलं. ग्रहण आहे तोवर मुसळ उभं राहतं म्हणे. राहतंच की, बूड सपाट असलं तर मंगळवारीसुद्धा राहतं. आमच्याकडे एकांचं ग्रहण सुटल्यावरही पडेना, तेव्हा शेवटी भांडी घासायला आलेल्या मावशींनी ते उचलून कोपऱ्यात ठेवलं.

आता पुढची बातमी ऐका. 2 ऑगस्ट 2027, सोमवार. इजिप्तमध्ये लक्सरला सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाणार. आपल्याकडे ते दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल, पावसाळी ढगांनी परवानगी दिली तर. पण गंमत ती नाही. त्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे आपली गटारी! वेध पहाटेपासून, मोक्ष संध्याकाळी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी आत्ताच विचारलंय, मटण आदल्या रविवारी करायचं की मोक्षानंतर? तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर आलं, “मोक्षानंतर. आणि चाळण्या कोण आणणार ते आधी ठरवा.”