एम.ए. (खापरं)

बी.कॉम. झालेल्या मुलानं पुढं काय करावं, याबद्दल आमच्या संगमनेरात दुमत नाही. एम.कॉम. करावं, सीएच्या ऑफिसात चिकटावं, नाहीतर एखाद्या पतसंस्थेत ओळख काढावी. पुरातत्त्वात एम.ए. करतो म्हणालो, तेव्हा अण्णांनी पेपरमधून डोकं वर न काढताच विचारलं, "पगार कोण देतं? मेलेले?"

आजीला मात्र विषय लगेच कळला. तिच्या मते जमिनीखालचं गुप्तधन पायाळू माणसाला आपोआप दिसतं. "तू सरळ जन्मलास, म्हणून तुला शिकून घ्यावं लागणार," असं म्हणत तिनं सगळा दोष आईवर ढकलला. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या काकांनी कायदा काढला. निखात निधी अधिनियम, सन 1878. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. "म्हणजे नऊ रुपये नव्वद पैशांपर्यंत तुझं," असं म्हणून त्यांनी माझी मिळकत तिथल्या तिथं ठरवून टाकली.

वास्तविक आमच्या प्रवरामाईच्या काठानं चालत गेलं तरी अर्धा अभ्यासक्रम होतो. संगमनेरच्या अंगणातच जोर्वे. 1950-51 साली सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी तिथं उत्खनन केलं आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. आमच्या आत्याचं सासर जोर्व्यातच. तिला हे सांगितलं, तर म्हणाली, "इथं संस्कृती? माझ्या जावेला भेटलायस का तू?" पुढं नेवासं. आजी तिथं दरवर्षी ज्ञानोबांच्या खांबाला टेकून येते. त्याच गावात दगडी हत्यारांपासून पुढचे थरावर थर निघालेत, हे तिच्या गावीही नाही. मधे दायमाबाद. तिथं 1974 साली झाडाचं खोड उकरताना एका गावकऱ्याला ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर. या बातमीवर आजीचा एकच प्रश्न, "पायाळू होता का?"

पुण्यात डेक्कन कॉलेजात 1939 पासून हा विषय शिकवणाऱ्या सांकलियांनी आपल्या आत्मचरित्राचं नावच 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी' ठेवलं. माझा जन्म, घरच्यांच्या मते, जीएसटीसाठी झाला होता. तरी एकदाचा होकार मिळाला, कारण अण्णांना 'पुण्याला शिकतो' एवढं सांगता येणार होतं. खरी पंचाईत पुढंच होती. पुरातत्त्व म्हणजे एक विषय नव्हे, ते एकत्र कुटुंब आहे. हाडं, दाणे, दगड, नाणी, शिलालेख, खापरं... आयुष्य कुणाच्या पदरात टाकायचं?

हाडांचा विचार आईनं पहिल्याच दिवशी हाणून पाडला. प्राण्यांची जुनी हाडं ओळखायची, तर आजच्या प्राण्यांची हाडं शेजारी ठेवून ताडून बघावी लागतात. शेळीचं कुठलं आणि मेंढीचं कुठलं, हे ठरवताना भल्या भल्या तज्ज्ञांना घाम फुटतो. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा वर्ज्य. मी नुसतं जोर्वे संस्कृतीतल्याच इनामगावबद्दल बोललो होतो. तिथले लोक दगावलेलं मूल दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. आई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "लांब कसं ठेववेल रे त्या बाईला." आणि लगेच, "पण हाडं घरात आणायची नाहीत."

दाण्यांचा विषय तिला आवडला. खणलेली माती पाण्यात ढवळायची, जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते गाळून सुकवायचे. इनामगावचे लोक जव पिकवत, हे अशाच करपलेल्या दाण्यांवरून कळतं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी कुणा बाईच्या हातून चुलीवर काही करपलं, म्हणून आज विद्यापीठात एक विभाग चालतो. "माझं करपलेलं दिसलं की तुम्ही ताट सरकवता," आई म्हणाली. यावर प्राचीन किंवा अर्वाचीन, कुठल्याच इतिहासात उत्तर नाही.

शिलालेखांचं काम सुटसुटीत वाटत होतं, पण माझं स्वतःचं अक्षर मला वाचता येत नाही. ब्राह्मीवर तो अन्याय झाला असता.

उरली खापरं. हा विषय मला जोर्व्याच्या आत्यानं निवडून दिला. जोर्वे पद्धतीची भांडी चाकावर घडवलेली, लाल, वर काळ्या रंगाची नक्षी, लांब तोटीची. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. हे मी पुस्तकातून वाचून दाखवत होतो, तोवर आत्यानं दारातला माठ उचलून टिचकी मारली. "बद्द वाजतोय. बाजारात मी दहा माठ वाजवून अकरावा घेते, हा तुझ्या मामांनी आणला." मातीची जात, भाजणी, चाकाच्या रेघा, बुडाची जाडी, गळण्याचं कारण आणि मामांची एकूण निर्णयक्षमता, यावर ती पाऊण तास बोलली. त्यातलं मामांचं सोडलं, तर बाकी सगळं पुढं अभ्यासक्रमात आलं.

आता सुट्टीत तिच्याकडं गेलो की ती मला परसात नेते. फुटका माठ, कान गेलेली बरणी, तडकलेली कुंडी तिनं कोपऱ्यात नीट रचून ठेवलीय. मामा ते उकिरड्यावर टाकायला निघाले, तर त्यांच्यावर खेकसली, "राहू द्या तिथंच. पुढच्या पोरांना एम.ए. करायचं असेल की नाही?"