पाठ लागली का नाई?

२ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी रात्री आर्णीच्या बसस्टँडजवळच्या आमच्या नेहमीच्या पानठेल्यावर खर्रा घोटायचं काम पुरतं थांबलं होतं. यातलं गांभीर्य यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लाइन गेली तरी आमच्याकडे खर्रा घोटला जातो, नोटाबंदीत घोटला गेला, टाळेबंदीत दाराआड घोटला गेला, आणि त्याच्यावर बंदी असल्याचं कळल्यापासून तर घोटणाऱ्याच्या हाताला वेगळाच जोर आलाय. तो हात त्या रात्री थांबला, कारण तिकडे अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीच्या गादीवर नांदेडच्या शिवराज राक्षेची पाठ लागली होती. किंवा लागली नव्हती.

पंचांनी पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळला चितपट कुस्तीचा विजेता ठरवलं. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं शिवराजचं म्हणणं. हुज्जत झाली, पंचांची कॉलर धरली गेली, आणि मग डबल महाराष्ट्र केसरी पैलवानाने पंचांना लाथ घातली. पुढे अंतिम कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाडही पंचांशी वाद घालून, काही सेकंद उरले असताना, गादी सोडून निघून गेला. पृथ्वीराज महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड तीन-तीन वर्षांसाठी निलंबित झाले.

आता आर्णीकर या प्रकरणात तटस्थ असायला हरकत नव्हती. पण माहूरची रेणुकामाता नांदेड जिल्ह्यात, माहूरचा रस्ता आमच्या गावातून, म्हणून नांदेड आमचं शेजारी, म्हणून शिवराज आमचा सोयरा. इतकं नातं लग्नाच्या पत्रिकेत नाव छापायलाही पुरतं. तेव्हा ठेल्यावर चौकशी समिती बसली. ठेलेवाल्याच्या मोबाइलची काच तडकलेली आहे, आणि तो तडा नेमका खांदा आणि गादीच्या मधून जात होता. त्यामुळे त्या मोबाइलवर पाठ लागलेली नाही. शेजारच्या अडत्याच्या नव्या कोऱ्या मोबाइलवर मात्र स्वच्छ लागलेली. “अबे, हे पाय, खांदा वर हाय!” “कायचा वर हाय? तो तुह्या काचीचा तडा हाय!” असा तासभर पुराव्यांचा अभ्यास झाला.

शेवटी प्रकरण पी.टी.च्या सरांकडे गेलं. सर शाळेतून रिटायर झाले, तरी शिट्टी गळ्यातच आहे. तीस वर्षं आजूबाजूच्या गावांतले कबड्डीचे खुले सामने त्यांनी पंच म्हणून काढले. पुढच्या दोन दातांपैकी एक त्यांचा स्वतःचा आहे, दुसरा एका मंडळाने नंतर वर्गणी करून बसवून दिलेला आहे.

“सर, तुमी सांगा, पाठ लागली का नाई?”

सरांनी व्हिडिओ पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, “ज्याचा खांदा त्याले मालूम. अन् तो तं खरं सांगत नाई.”

“पंचांमुखी परमेश्वर” ही म्हण ज्याने केली, तो बहुधा कधी पंच झाला नसावा. परमेश्वराला कोणी कॉलर धरून खाली ओढत नाही.

याच वेळी आमच्या पुतण्याने तोंड उघडलं. तो पुण्यात रात्रपाळीला एका अमेरिकी कंपनीचं काम करतो. साहेब लोकांशी गप्पा मारता याव्यात म्हणून तो त्यांचं फुटबॉल पाहायला लागला आणि आता त्यातच अडकलाय. अमेरिकी फुटबॉलचा सामना घड्याळावर साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांचा, आणि त्यात चेंडू खरोखर खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेला वेळ उभं राहणं, सल्लामसलत आणि जाहिराती. आमसभेला बसलेल्या माणसाला हे समजायला जड जात नाही. चूक दिसली की पंच पिवळा रुमाल फेकतो. प्रशिक्षकाला निर्णय पटला नाही तर तो लाल रुमाल फेकतो, आणि मग पुन्हा चित्रण पाहतात. आपल्या गादीवरच्या कुस्तीतही प्रशिक्षक आक्षेप घ्यायला स्पंजचा ठोकळा फेकतोच. फेकायला काहीतरी मऊ द्यावं, नाहीतर माणूस हाताला लागेल ते फेकतो, एवढी मानवी स्वभावाची पारख दोन्हीकडच्या नियम करणाऱ्यांना होती. पायाचा विचार मात्र कोणीच केलेला दिसत नाही.

त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. चेंडू त्याच्या हातून सुटतो, जाहिराती त्याच्या तोंडावर चालतात. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा २०२४ मधला करार वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा. तर या गड्याला पाडायचं, पण पाडताना आपल्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचा नाही, या नियमाची २०१८ पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली. हे ऐकून ठेल्यावरचा एक जुना पैलवान खाली ठेवलेला चहा विसरला. “पाडा, पन अंगावर पडू नोका? मंग का हवेत लटकावं का बाप्पा?”

नेमका हाच प्रश्न कॅन्सस सिटीच्या क्रिस जोन्सला पडला असणार. १० ऑक्टोबर २०२२ च्या सामन्यात त्याने डेरेक कार या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू काढून घेतला, चेंडू स्वतःकडे घेऊनच तो खाली आला, आणि रुमाल पडला. कारण खाली येताना कार त्याच्याखाली होता. आदल्याच दिवशी अटलांटाच्या ग्रेडी जॅरेटने टॉम ब्रेडीला धरून खाली आणलं, तिथेही रुमाल. आणि अशा दंडावर प्रशिक्षकाला लाल रुमाल फेकायची सोय नाही. ज्या निर्णयावर सगळ्यात जास्त भांडण, त्याच निर्णयावर अपील नाही.

याची सवय आम्हाला आहे. बाजार समितीत आमच्या सोयाबीनच्या ढिगात व्यापाऱ्याचा हात जातो, मग ओलावा मोजायचं मीटर जातं, आणि आकडा येतो: चौदा. रुमाल पडला! हमीभावाच्या खरेदीची मर्यादा बाराची. २०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेचं मतदान तोंडावर असताना, ती पंधरावर गेली. तेच सोयाबीन, तोच ओलावा, पण एकदा दंड आणि एकदा चालतंय. शेतकऱ्याकडे फेकायला रुमाल असतो, पण तो तोंड पुसायचा.

असो. पुतण्या म्हणाला, नियम खेळाडूंच्या सुरक्षेसाठीच आहेत. ते खरंच. पण सुरक्षेची वाट त्या देशात फार लांबून आलीय. पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर, डोक्याने डोकं भिडवायच्या जागेवर वर्षानुवर्षं खेळलेला गडी, २००२ मध्ये पन्नाशीत गेला. जाण्याआधी त्याचं भान सुटलं होतं, घरदार सुटलं होतं. त्याच्या मेंदूची तपासणी बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने केली आणि सततच्या हादऱ्यांनी मेंदू कसा झिजतो ते २००५ मध्ये छापलं. तिथल्या फुटबॉल लीगशी संबंधित डॉक्टरांनी काय करावं? लेख मागे घ्या म्हणाले. पंचांचा निर्णय मान्य नाही, एवढंच, फक्त इथे पंच सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता.

पुढे हजारो जुने खेळाडू लीगविरुद्ध कोर्टात गेले. २०१५ मध्ये तडजोड मंजूर झाली, अंदाजे १०० कोटी डॉलरची. वाटपाच्या वेळी बुद्धी किती घटली ते मोजायचं होतं. मोजताना काळ्या खेळाडूंची बुद्धी मुळातच थोडी कमी धरायची पद्धत होती, म्हणजे घट कमी दिसते आणि भरपाई देताना हात आखडता घेता येतो. बोंबाबोंब झाल्यावर २०२१ मध्ये ती पद्धत बंद करायचं ठरलं. हे ऐकल्यावर ठेल्यावर कोणालाच हसू आलं नाही. अडत्या मोबाइलमध्ये बघत बसला. एक जण एवढंच म्हणाला, “म्हंजे ओलावा कापला न त्यायनं.”

आमच्याकडे डोक्याला मार लागला तर व्यवस्था साधी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन कबड्डी जगाला दाखवली. त्या खेळाच्या नियमांत नखं कापा, अंगाला तेल लावू नका, कात्री घालू नका, तोंड दाबू नका, असं सगळं आहे. पण चढाईवाला डोक्यावर आपटून आडवा झाला तर काय करायचं, ते आमच्या गावच्या पद्धतीने ठरतं: एक गुंड पाणी डोक्यावर, एक फोडलेला कांदा नाकाशी, आणि “हे किती बोटं हाय?” तीन बोटांना त्याने चार म्हटलं तरी “जवळपास हाय” म्हणून मैदानात. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी ऐकावं: अमेरिकेत कोट्यवधीचे खेळाडू सामन्याआधी अमोनियाच्या पुड्या हुंगायचे, आणि संघांनी त्या पुरवू नयेत असं लीगने सांगितलं ते २०२५ च्या ऑगस्टात. डोक्याचा मार त्या वासाखाली लपतो, हे त्यातलं एक कारण. कांद्याचं तंत्रज्ञान आमचं स्वस्त, एवढाच फरक.

मग विषय पुन्हा पंचावर आला, कारण ठेल्यावर शेवटी सगळं पंचावरच येतं. २० जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिअन्सच्या गड्याला चेंडू पोचायच्या आधीच लॉस अँजेलिसच्या गड्याने उडवलं. सगळ्या स्टेडियमने पाहिलं, पंचांनी नाही. संघ अंतिम सामन्याला मुकला. प्रेक्षक कोर्टात गेले. लुइझियानाच्या गव्हर्नरने, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री समजा, लीगला पत्र लिहिलं. पुढच्या हंगामात अशा निर्णयांवरही अपील ठेवलं गेलं, आणि ते इतकं डोक्याला ताप झालं की एका हंगामातच गुंडाळलं. आपल्या मुख्यमंत्र्यांना अजून खांद्यावर पत्र लिहावं लागलेलं नाही. आमची भानगड वेगळी आहे. खांद्याचा वाद मिटत नाही, तोवर केसरी किती हा वाद सुरू होतो.

कारण आपल्याकडे संघटना दोन. २०२३ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला शिवराजला हरवून सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. २०२५ मध्ये अहिल्यानगरात फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळ, आणि त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला मार्चअखेर सोलापूरचा वेताळ शेळके. अमेरिकेतही पूर्वी दोन लीग होत्या, पण त्यांनी १९७० पासून एकच चूल मांडली. आम्ही वेगळं राहायचं ठरवलेलं आहे. पटलं नाही तर पंच बदलत नाही, डायरेक्ट स्पर्धा बदलतो.

“पंचाले कोनी मारत असन का तिकडं?” सरांनी विचारलं. एवढा वेळ ते गप्प होते.

पुतण्याने क्लीव्हलँडची गोष्ट सांगितली. डिसेंबर १९९९. ऑर्लँडो ब्राऊन नावाचा डोंगराएवढा गडी. पंचाने पिवळा रुमाल फेकला, तो लांब जावा म्हणून त्यात छर्रे भरलेले होते, आणि तो नेमका ब्राऊनच्या डोळ्यावर बसला. ब्राऊन परत आला आणि त्याने पंचाला दोन्ही हातांनी ढकलून आडवं केलं. निलंबन झालं, डोळाही गेल्यातच जमा होता. तीन हंगाम तो खेळला नाही. लीगवर दावा लावला, तडजोडीत मोठी रक्कम मिळाली.

“पंचाले काय भेटलं?” सर.

पुतण्याला सांगता आलं नाही. क्वार्टरबॅकसाठी नियम आहे, चेंडू झेलणाऱ्यासाठी आहे, कंबरेला लटकून पायावर पडायची पकड २०२४ मध्ये बंद झाली, डोक्यावर जाडजूड टोपी घालायलाही त्याच वर्षी सामन्यात परवानगी मिळाली. पंचाच्या डोक्यावर साधी कापडाची टोपी. इकडे २०२३ च्या जानेवारीत पुण्याला सिकंदर आणि महेंद्रच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेला चार गुण दिले म्हणून पंचांना फोनवर धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. चार का दोन, यावर माणसाच्या जिवाचा हिशोब! ज्याची किंमत मोठी त्याच्याभोवती नियमांचं कुंपण, आणि पंचाचं मानधन म्हणजे नारळ, शाल आणि दोनशे रुपयांचं पाकीट. एवढ्याशा मालाला कुंपण घालत नाहीत, आमच्या शिवारातही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्या गावचं मंडळ सरांकडे आलं. दिवस-रात्र सामने, मोठं बक्षीस, पंच तुम्हीच पाहिजे. सर म्हणाले, येतो, पण एक अट. हेल्मेट.

“सर, हेल्मेट तं चेकिंगले लागते!”

खरंच. नागपूर-तुळजापूर रस्त्यावर आमच्याकडे हेल्मेट डोक्यापेक्षा कोपराला जास्त असतं. पोलिस दिसला की वर जातं, पूल ओलांडला की परत खाली. चार मित्रांत मिळून एक, असाही हिशोब चालतो. मंडळाने तसलंच एक कुठून तरी आणलं, आणि सर पहिल्याच दिवशी गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर हेल्मेट घालून मध्यरेषेजवळ उभे राहिले. लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या चढाईला गावच्या पाटलांचा पोरगा परत येताना पकडीत सापडला. त्याचा हात रेषेपलीकडे पोचला का नाही, यावर सगळं मैदान उठून उभं राहिलं. सरांनी बोट वर केलं: बाद.

“सर,” गर्दीतून आवाज आला, “हेल्मेटच्या काचीले तडा हाय तुमच्या. हात पोचला का नाई, दिसलं कसं तुमाले?”

सरांनी काच वर केली.

“आता दिसते न? मंग फिरवा निर्णय.”