बाटलीबाबत खुलासा

कॅल्गरी, कॅनडा

ती. आईस,


इकडे एप्रिल अर्धा सरला तरी अंगणात बर्फ आहे. तुझ्या नातवाचं मराठी ‘आजी, मला भाकरी आवडतो’ इथवर पोचलंय, आणि हे अजूनही कानटोपीवर मफलर बांधून ऑफिसला जातात. पत्रास कारण की, मी पाठवलेल्या, चेहऱ्याला लावायच्या हायलुरॉनिक ॲसिड सिरमच्या बाटलीवरून सोलापूरजवळ आपल्या कुंभारीत जे चाललंय ते फोनवर निस्तरणं माझ्याच्यानं होत नाही. तू बोलायला लागलीस की मागून आत्या बोलते, आणि अण्णा टीव्हीचा आवाज काही कमी करत नाहीत. म्हणून लेखी देते. सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाच.

पहिली तक्रार आत्याची: ‘बाटली लावल्यापासून तोंड जास्तच ओढतंय.’ ओढणारच की! भर दुपारी, बाहेर बेचाळीस डिग्री, डोक्यावर पंखा पाचवर, आणि कोरड्या ठणठणीत चेहऱ्यावर दहा थेंब. आत्या, अगं ते पाणी धरून ठेवतं, पैदा करत नाही. त्याचा रेणू एवढा लांबलचक असतो की कातडीत फारसा शिरतच नाही, वरच बसतो आणि जवळ मिळेल ते पाणी पकडतो. त्याचे बारीक तुकडे केले तर ते थोडे आत जातात. पण मुळात पाणीच नसेल तर पकडणार काय? आणि पकडलेल्यावर काही झाकण नसेल, तर सोलापूरची हवा ते दहा मिनिटांत पिऊन टाकते. इकडेही तीच गत. हिवाळ्यात उणे तीस, घरात चोवीस तास हीटर, हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला हात लावला तरी शॉक बसतो. पहिल्या वर्षी माझ्या गालांची पार भेगाळलेली जमीन झाली होती.

तुम्हाला समजत नसेल तर घरकुलातल्या विडीवाल्या मावशींना विचारा. तेंदूचं पान कोरडं वळलं तर तडकतं, म्हणून त्या आधी पानं भिजवतात. पण भिजवून उघडी टाकत नाहीत, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि लागतील तशी काढतात. पान ओलं पाहिजे आणि वर फडकं पाहिजे. या सिरमचं सगळं शास्त्र एवढंच आहे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती दहा हजार घरांची वसाहत 2006 पासून आपल्या गावात आहे, म्हणजे या विषयातल्या हजारो जाणत्या बायका हाकेच्या अंतरावर, आणि आमची आत्या यूट्यूब बघते! तर आत्या, तोंड धुवायचं, टॉवेलनं नुसतं टिपायचं, ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावायचे, आणि लगेच वरून साधं क्रीम किंवा व्हॅसलीन. दहा थेंबांनी चेहरा फक्त चिकट होतो.

दुसरी भानगड आज्जीची. तिला कुणीतरी सांगितलं म्हणे की हे कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात, आणि माळकरी घरात असली वस्तू आणली म्हणून ती तुझ्याशी बोलत नाही. आज्जी, बातमी खरी आहे, पण शिळी आहे. एंद्रे बलाझ नावाच्या शास्त्रज्ञानं कोंबड्याच्या तुऱ्यातून ते शुद्ध करून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आणलं होतं. आता बहुतेक सगळं मोठ्या टाक्यांमध्ये जंतूंकडून तयार करवून घेतात, आणि मी पाठवलेल्या बाटलीतलं तसलंच आहे. (पुढचं वाक्य आज्जीला वाचून दाखवू नकोस: 1934 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं, ते गाईच्या डोळ्यातून.) शिवाय आज्जी, ते तुझ्याही अंगात आहेच. सत्तर किलोच्या माणसात साधारण 15 ग्रॅम असतं, त्यातलं निम्मं कातडीत, आणि शरीर रोज त्यातलं एक तृतीयांश मोडून नवं करतं. वय वाढेल तसं कातडीतलं कमी होत जातं. आता त्याला माळ काय करणार?

अण्णा गुडघ्याला चोळतात हे ऐकून मी कपाळाला हात लावला. सांध्याच्या वंगणात हेच द्रव्य असतं, आणि काही डॉक्टर त्याचं इंजेक्शन गुडघ्यात देतात, हे अण्णांनी वाचलं ते बरोबर आहे. त्या इंजेक्शनाचाही सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण वरून चोळलेलं सांध्यापर्यंत जाणार कुठून? अण्णांचा गुडघा दुखायचा तसाच दुखतोय, फक्त आता तुकतुकीत दिसतो.

आता धाकटीचं. तिच्या लग्नाआधी सोलापूरच्या कुठल्याशा पार्लरनं ‘रीजनरेटिव्ह पॅकेज’ सुचवलंय, ते मला मुळीच पटलेलं नाही. त्यात बारीक सुयांनी चेहऱ्याला हजारो टोचे मारतात, म्हणजे कातडी ते भरून काढताना नवं कोलॅजन तयार करते. कधी आपल्याच दंडातलं रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग चेहऱ्यावर वापरतात. नंतर हायलुरॉनिक लावतात, कारण ते सोसवतं आणि टोचलेल्या कातडीला ओलावा देतं. कातडी नवी करायचं काम मात्र त्याचं नव्हे. त्यांनी गालात भरायचं इंजेक्शनही सांगितलंय. ते याच द्रव्याचं घट्ट जेल असतं. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. ते विरघळवायचं औषध असतं, पण ते जवळ ठेवणारा आणि वेळेत देणारा डॉक्टर समोर हवा. गावातच अश्विनीचं मेडिकल कॉलेज असताना पार्लरच्या खुर्चीत सुया टोचून घ्यायची हौस कशाला?

लग्न मे महिन्यात. टोचलेल्या तोंडावर हळद लावायची आणि वरून सोलापूरचं ऊन, हे होऊ देऊ नकोस. तिला म्हणावं, आत्ता सनस्क्रीन आणि स्कार्फ. काही करायचंच असेल तर दिवाळीनंतर, आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच.

तुझी,
थोरली