बायको पॅसेंजरला लागली

इंजिनचालकाशी लग्न केलेल्या माणसाच्या घरी रविवार कधीही येऊ शकतो. आमच्याकडे तो बहुधा मंगळवारी रात्री दोनला येतो आणि बुधवारी संध्याकाळी ड्युटीचा फोन आला की संपतो. त्यामुळे बायकोची विश्रांती खऱ्याखुऱ्या शनिवार-रविवारी पडावी, आणि तीही मालगाडीवरून बढती मिळून ती पॅसेंजर गाडीची लोको पायलट झाली त्याच आठवड्यात, हा योग साधा नव्हता. सासरेबुवांनी फोनवर फर्मान काढलं, "कोल्हापूरला या. बाकीचं आम्ही बघतो." त्या ‘बाकीचं’नं माझ्या पोटात गोळा आला.

पुण्याहून निघालो ते रेल्वेनंच. हिला खिडकी दिली, हीच चूक म्हणायची तर म्हणा, पण दुसरीकडे बसून तरी काय फरक पडला असता? जेजुरीला अख्ख्या डब्यानं खंडोबाच्या दिशेनं हात जोडले, हिनं सिग्नलकडे बघितलं. रुळाच्या कडेला ‘सी/फा’ अशी पिवळी पाटी दिसली, म्हणजे पुढं फाटक आहे, शिटी द्या, की ही कान टवकारायची. शिटी वाजली की मान हलवायची. गाण्याच्या बैठकीत समेवर दाद द्यावी तशी.

साताऱ्याच्या अलीकडं गाडी थांबली. समोरचे एक काका मघापासून बोलायची संधी शोधत होते. "इंजिन तापलं असणार," ते म्हणाले. "आता पाणी घालतील." वर विजेच्या तारा स्वच्छ दिसत होत्या. "होम सिग्नल लाल आहे," ही म्हणाली. काका प्रेमानं हसले. "ताई, ते तसं नसतं. मी पंचवीस वर्षं ह्या लाइनवर येतोय." मी तोंड उघडणार तेवढ्यात हिनं माझ्या पायावर पाय ठेवला. त्यानंतर कऱ्हाडपर्यंत काकांनी हिला रेल्वे समजावून सांगितली. वळणावर ड्रायव्हर गाडी कशी वळवतो, झोप आली तर गार्ड कसा चहा घेऊन पुढं जातो. हिनं मध्ये दोन-तीन शंकाही विचारल्या. उतरताना काका म्हणाले, "रेल्वेत ओळखीचं कुणी असलं तर धरून ठेवा. कन्फर्म तिकिटाचं काम होतं."

कोल्हापूरला गल्लीच्या तोंडावरच ‘बाकीचं’ टांगलेलं होतं. वीस फुटी फ्लेक्स! मेहुण्याच्या तालमीनं लावलेला. वर ‘कोल्हापूरच्या वाघिणीचं हार्दिक अभिनंदन’, खाली गॉगल लावलेले तालमीचे बत्तीस कार्यकर्ते, त्यांतले चौघे मोबाइलवर बोलत असलेले. हिचा फोटो कोपऱ्यात, लग्नातला, मुंडावळ्यांसकट. आणि मधोमध सुसाट निघालेली पांढरीशुभ्र रेल्वे. ती जपानची होती. मागं फुजी पर्वत होता, पण गल्लीनं तो जोतिबाचा डोंगर म्हणून केव्हाच मान्य केला होता.

"दादा, मला पॅसेंजर मिळालीय," ही म्हणाली. "बुलेट ट्रेन नाही."

"असू दे की. फ्लेक्सवाल्याकडं पॅसेंजरचा फोटोच न्हवता."

बायकोच्या इंजिनात एक यंत्र असतं. चालकानं मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, तरीही हात हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. हे यंत्र कुणा परदेशी इंजिनिअरनं शोधलं असेल तर तो आमच्या सासूबाईंच्या पंगतीत जेवून गेलेला असणार. पांढऱ्या रश्श्याच्या तिसऱ्या वाटीनंतर माझा हात ताटात थांबला. आधी सासूबाईंचे डोळे लुकलुकले. मग "जावईबापू, आवडलं न्हाई व्हय?" असा भोंगा झाला. मी हालचाल केली नाही. आपोआप तांबडा आला.

मेहुण्याच्या मनात रात्रीची निराळी पार्टी होती. पण सोमवारी ड्युटीवर सही करताना मशीनमध्ये फुंकायचं असतं, हे ऐकल्यावर त्यानं बहिणीच्या वाट्याचं काम तालमीवर सोपवलं. तालमीनं ते निष्ठेनं पार पाडल्याचं सकाळी चेहऱ्यांवरून कळलं.

आजेसासूबाईंची शंका मात्र मूलभूत होती. "वळणावर लई जोर लावाय लागत असंल न्हवं गं?"

"आजी, स्टेअरिंगच नसतं."

आजी बराच वेळ गप्प. "मग तू करतीस काय तितं?"

ह्यावर हिनं सिग्नल, वेग, ब्रेक, घाटातला उतार सगळं सांगितलं. ५८ वाघिणींची कोळशाची गाडी थांबवायला किती आधीपासून तयारी करावी लागते तेही सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "कोळसाच बरा हुता. थांबला तर बोलत तरी न्हाई. आता माणसं बोलतील." बढतीचं इतकं अचूक वर्णन मी त्या दोन दिवसांत दुसरं ऐकलं नाही.

शेजारच्या काकू साताऱ्याच्या. त्या पेढे घेऊन आल्या, सोबत तुलनाही घेऊन आल्या. "आमच्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ पासून रेल्वे चालवत होत्या. २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली त्यांनी. तुमची कधी नेणार?" सासरेबुवांनी खिडकीतून फुजी पर्वताकडं बोट दाखवलं.

सत्कारमूर्तीला ह्यातलं काहीच नको होतं. तिला झोप हवी होती. रविवारी दुपारी हार गळ्यात असतानाच ती खुर्चीत झोपली आणि तिच्यावरची दोन भाषणं तिच्याविना झाली. दोन्ही चांगली झाली.

संध्याकाळी भाच्यानं हट्ट करून फनफेअरला नेलं. तिथं वाघाच्या तोंडाची झुकझुकगाडी होती, तीन डब्यांची. "माझी आत्या खरी रेल्वे चालवती," भाच्यानं जाहीर केलं. गाडीवाल्यानं हिला नखशिखांत बघितलं. "मग बसा की पुढं."

"ह्याला ब्रेक कुठाय?"

"ब्रेक कशाला, ताई? बटण बंद केलं की थांबती."

"आणि मागचा डबा सुटला तर?"

"पुढच्या फेरीत जोडतो की."

ही खाली वाकली. एकेक कडी हातानं हलवून बघू लागली. मागं रांग वाढली, पोरं रडायला लागली, कुणाचा तरी बाप ओरडला. शेवटी भाच्याला तिनं इंजिनाला लागून पहिल्या डब्यात बसवलं, त्याच्या शेजारी स्वतः बसली आणि मागं वळून मला म्हणाली, "अहो, तुम्ही शेवटच्या डब्यात बसा. गार्ड पाहिजे कुणीतरी."